कळप वाजवा

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हां अंगणवाडीच्या बायांना गोल बसवलं आणि मधोमध एक पोतं ओतलं. त्यातून नुसते रिकामे डबे पडले. तेलाचे, बिस्किटाचे, दूध पावडरचे. एक डबा गडगडत येऊन माझ्या मांडीला लागला. मॅडम तरुण, बोलायला गोड, गळ्यात शिट्टी. म्हणाल्या, "लहान मुलाला अक्षराच्या आधी आवाज कळतो. आज आपणच लहान व्हायचं. प्रत्येकीनं आपल्या नावाचा एक ठेका शोधायचा आणि डब्यावर वाजवून दाखवायचा." बाया आधी पदर तोंडाला लावून लाजल्या आणि मग अशा सुटल्या की त्या सभागृहाचे पत्रे हलायला लागले. घरात सुना आलेल्या बाया मांडीत डबा घेऊन पोरींसारख्या खिदळत होत्या. माझी पाळी आली. मी डबा पालथा घातला, काठी उचलली आणि हात तिथंच राहिला.

मॅडमना वाटलं मी लाजते. शेजारचीला वाटलं मी शिष्टपणा करते. ती म्हणालीसुद्धा, "कावून गं, तुला नाव न्हाई का?" नाव होतं आणि नावाचा ठेकाही होता. तो मला कुणी कागदावर शिकवला नव्हता. आता याला बालशिक्षण म्हणतात, त्याचं प्रशिक्षण असतं, चहा-बिस्कीट असतं. आमच्या वेळी याला लेकरं धरून बसणं म्हणायचे, आणि ज्या बाईच्या हातून दुसरं काम होत नाही तिच्या गळ्यात ते पडायचं.

जेवणाची सुट्टी झाली तशी डबा तिथंच ठेवून मी बाहेर पडले. तेलगावात कामाला मी कितीदा आले असेन, पण उसाच्या फडाकडच्या वाटेला कधी पाय वळला नव्हता. आज वळला. गाडीवाटेच्या कडेला उसाच्या वाळल्या पानांचं पाचट पडलं होतं आणि त्याला तोच वास होता, उन्हात तापलेला, थोडा गोड, थोडा कुजका. वाट संपते तिथं कालवा आहे. याच कालव्यात माझा धाकटा भाऊ गेला. नामदेव त्याचं नाव, आम्ही नाम्या म्हणायचो. चार वर्षांचा होता. आता कालव्याचं अस्तर फुटलंय, भेगांतून वेड्या बाभळी वर आल्यात, पाणी तळाला आहे. तेव्हा ते काठोकाठ होतं आणि त्याचा काहीएक आवाज येत नव्हता.

आवाज ही आमच्या घरची जुनी गोष्ट. आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझ्या जन्माआधीच कळप गेला होता. कसा गेला हे घरात कुणी बोलत नसे. त्याच्या घंट्या मात्र आढ्याला टांगलेल्या होत्या आणि वारं सुटलं की त्या आपोआप किणकिणायच्या. माझी आत्या, म्हणजे माझ्या वडलांची, दादांची थोरली बहीण, त्या कळपामागं वाढली होती. नवऱ्यानं टाकलेली, एका पायानं अधू, कडेवर चंद्री नावाची पोर घेऊन माहेरी परत आलेली. मला ती आठवते ती डोळे मिटून बसलेली. लोकांना वाटायचं पेंगते. ती ऐकत असायची.

"मेंढरं मोजू न्हाईत," ती सांगायची. "मोजली की नजर लागती. मेंढरं ऐकायची असत्यात. डोंगरात धुकं उतरलं की तुज्या आजाला पुढचं मेंढरू दिसायचं न्हाई. पर एक घंटी कमी झाली की भाकर टाकून उठायचा."

म्हाताऱ्या मेंढीची घंटी जाड, गाभणीची ठसक्याची, कोकराला नुसतं घुंगरू. आत्या जिभेनं एकेक आवाज काढून दाखवायची. कोकराचा आवाज काढताना तिचं तोंड इतकं बारीक व्हायचं की आम्ही हसून लोळायचो. न मोजण्याची रीत घरात माणसांनाही लागू होती. कुणी सहज विचारलं, "किती लेकरं गं तुला?" तर माझी माय उत्तर द्यायची नाही. "देवाची हायेत," म्हणायची आणि आमच्या डोक्यावरून पदर फिरवायची.

दसरा झाला की गावावर अवकळा यायची. घरांना कुलपं नाहीतर काटेरी फांद्या लागायच्या आणि म्हातारी माणसं तेवढी ओट्यांवर उरायची. आम्ही सगळे ऊस तोडायला निघायचो. आधी बैलगाड्या होत्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून कोण पुढं गेलं, कोण मागं राहिलं ते अंधारातही कळायचं. मग बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीत हंडे, सरपण, शेळी, कोंबड्या, अंथरुणं आणि त्यांच्यावर आम्ही. ट्रॅक्टरला टेप होता. ड्रायव्हर तो असा लावायचा की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, असं आत्या म्हणायची.

मांजरसुंब्याला ट्रॅक्टर थांबायचा. तिथले ढाबे म्हणजे आमची जत्रा. त्या वर्षांत तिथं रोज काहीतरी नवीन लटकलेलं असायचं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, गुटख्याच्या चकचकीत माळा, फोनची पिवळी पाटी, आणि काचेच्या पेटीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या. पाणी विकत घेतात, यावर मायचा विश्वास बसत नव्हता. माणसं जेवायला उतरली की आत्या लंगडत ढाब्याच्या मागच्या उकिरड्यावर जायची आणि ओचा भरून परत यायची. रिकाम्या बाटल्या, बिल्ले, पुड्यांचे कागद, एखादा चेपलेला डबा. दादा चिडायचे. "आक्का, लोकं काय म्हणतील? भंगारवाली वाटतीस." ती म्हणायची, "लेकरं धरायची हायेत मला. तुपल्या ट्रॅक्टरचं टायर द्यू का वाजवाया?"

फडात पहाटेच तोडणी लागायची. दव पडलेला ऊस पानांनी अंग कापायचा. कोयता खाली बसला की खाच्, मान छाटली की टच्, आणि मग ऊस पाचटावर पडल्याचा मऊ आवाज. शंभर हातांचे ते आवाज एकमेकांत मिसळून दिवसभर वाहायचे. माय आणि दादा एका ओळीला, शेजारी दुसरं जोडपं, पलीकडं तिसरं. बाया तोडता तोडता मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडं पळायच्या. एकदा ओळीत शिरलं की पाच हातांवरचं दिसत नाही. लेकरं बांधावर. त्यांच्यापाशी आत्या.

आईला लेकरू दिसत नाही आणि कामाला हात लागत नाही, ही सगळ्या बायांची अडचण. त्या सारख्या कोयता टाकून बांधाकडं यायच्या आणि मुकादम ओरडायचा. आत्यानं त्यावर तोड काढली. तोड कसली, कळपाचीच रीत तिनं लेकरांना लावली. तेलाचा चौकोनी डबा पालथा घातला आणि एकेक पोर पुढ्यात घेतलं. त्याची आई त्याला कशी हाक मारते ते आठवायला लावलं आणि त्या हाकेचा ठेका बसवला. डब्याच्या मधोमध मारलं की ढब, कडेवर मारलं की टिक. माझा ठेका टिक-टिक-ढब. चंद्रीचा ढबढब-टिक. नाम्याचा सगळ्यांत लांब, ढब-ढब, टिकटिक, ढब. कारण माय त्याला हाक मारताना थांबतच नसे, "नाम्या, नामद्या, ये गं माझी माय, ये." शेजारच्या जोडप्याचा धाकटा पोर जेमतेम बसायला लागला होता, त्याच्या हातात गोट्यांची बाटली दिली. खुळखुळ हा त्याचा ठेका.

थोड्या थोड्या वेळानं आत्या म्हणायची, "चला, कळप वाजवा." आणि मग गाणं. ते तिचंच होतं.

ढब ढब डबा, टिक टिक काठी,
कोण बसलंय बांधापाठी?

गाणं थांबलं की ज्याची पाळी त्यानं आपला ठेका वाजवायचा. आत, उसाच्या पोटातून, त्याची आई उत्तर द्यायची, "हूंऽऽ." बस, एवढंच. मग पुढचा. सगळा कळप वाजून झाला की बाया निर्धास्त. कुणी बांधावर यायचं नाही, कुणी लेकरं मोजायची नाहीत. दुसऱ्या टोळ्यांतल्या बाया हसायच्या आम्हाला आणि आठवडाभरात त्यांचीही लेकरं आमच्याच बांधावर येऊन बसायची.

आता आठवलं की वाटतं, त्या बांधावर आम्ही किती श्रीमंत होतो. हिरवा ऊस उसावर आपटला की ठप् वाजतो आणि वाळला ऊस टण्. त्यांच्या चिपळ्या व्हायच्या. उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्याचं पान दोन अंगठ्यांत ताणून फुंकलं की मोर ओरडायचा. गुटख्याच्या पुड्यांचे कागद दोरीत ओवून हलवले की पाऊस लागायचा आणि आत्या मोठ्यानं म्हणायची, "भिजलं गं माझं जुंधळं!" की सगळी पोरं कागद छातीशी धरून गप्प. ऐकायचा खेळ असायचा. डोळे मिटायचे आणि सगळ्यांत लांबचा आवाज जो सांगेल तो जिंकला. कुणी कारखान्याचा भोंगा सांगायचं, कुणी होल्याचं घुमणं. नाम्या एकदा म्हणाला, "मायचं कांकण." सगळे हसले. आत्यानं त्यालाच जिंकवलं.

आणि एक खेळ होता ओळखायचा. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं तिसऱ्याचाच ठेका वाजवायचा, आणि हात कुणाचा ते सांगायचं. पोरांना याचं वेड लागलं होतं. दिवसभर एकमेकांचे ठेके वाजवायची. आत्या कौतुकानं बघायची. "कान तयार व्हत्यात," म्हणायची.

नाम्या दिसायला मायवर गेलेला, काळा, मोठ्या डोळ्यांचा, नाक सदा वाहतं. त्याला डब्यापेक्षा मोरी आवडायची. बांधाच्या पलीकडं कालवा होता. आम्ही आलो तेव्हापासून तो कोरडा होता, तळाला चिखलाच्या पापड्या. कालव्याला एक मोरी होती, गोल, अंधारी. तिच्यात तोंड घालून ओरडलं की आवाज फिरून परत यायचा. आत्यानं सांगितलं होतं की आत एक माणूस राहतो, त्याला बोलायला कुणी नाही, म्हणून तो आपलंच बोलणं परत करतो. नाम्याला त्याची दया यायची. जेवायला बसला की भाकरीचा तुकडा मुठीत ठेवायचा, मोरीतल्या माणसाला. आत्या त्याला हाताला धरून न्यायची, आणि तो आत वाकून त्याला विचारायचा, "जेवलास का?" आतून उत्तर यायचं, "का?"

त्या दिवशी टेप बंद होता. ड्रायव्हरनं सकाळी लावला होता, पण दादांनी ओरडून सांगितलं, "बंद कर बे ते! लेकरांचा डबा ऐकू यू दे." त्यानं केला. वारंही पडलेलं होतं. डबा फडाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता, एवढं सगळ्यांनी नंतर सांगितलं.

मी तेव्हा नऊ वर्षांची. बांधावर बसायचं माझं वय सरलं होतं, तोडणाऱ्यांना पाणी नेऊन द्यायचं काम माझ्याकडं होतं. रिकामी घागर घेऊन मी बांधाकडं परत येत होते. शेजारच्या जोडप्याचं ते बाटलीवालं पोर खोकून खोकून निळं पडलं होतं. आत्या त्याला मांडीवर पालथं घेऊन पाठीवर थोपटत होती, आमच्याकडं पाठ करून. पोरं स्वतःच कळप वाजवत होती. गाणं चंद्री म्हणत होती. नाम्याचा ठेका वाजला. आतून मायचं "हूंऽऽ" आलं. मी बघितलं तर काठी चंद्रीच्या हातात.

"नाम्या कुठाय गं?"

"मोरीतल्या माणसाकडं गेलाय." चंद्री पाच वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. "म्हनला, माझं तू वाजव, न्हाईतर माय हाका मारती. म्या दोनदा वाजविलं."

तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. दिलेलं काम नीट केल्याचा. मी घागर खाली ठेवली आणि त्याला हाक मारायला बांधावर चढले. कालव्यात पाणी होतं.

पाणी कधी सोडलं, कुणी सोडलं, कुणाला सांगून सोडलं हे मला आजही माहीत नाही. दुपारी त्याला कालव्याच्या खालच्या दारापाशी काढलं. त्याची मूठ मिटलेली होती. दादांनी ती उघडू दिली नाही.

कोपीसमोर सगळी जमा झाली. आमच्या त्या पाचटाच्या झोपडीत एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून त्याला बाहेरच ठेवलं होतं. माय रडत नव्हती. ती एकेका बाईकडं जाऊन तेच बोलत होती. "म्या ऐकलं. त्याचं वाजलं. दोनदा वाजलं. म्या हूं म्हणले." मग ती लेकरांकडं वळली. "कुणी वाजविलं?"

चंद्री आत्याच्या लुगड्यात तोंड घालून उभी होती. मला वाटतं तिला एवढंच कळलं असेल की मामी रागावली आहे. मी तोंड उघडलं असेल, नसेल, आत्या पुढं झाली होती.

"म्या वाजविलं, पारू," आत्या म्हणाली. "बाळ रडत व्हतं, नाम्या हितंच कुठंतरी असंल म्हणलं. तुपलं काम खोळंबू न्हाई, म्हणून म्याच वाजविलं."

दादांनी डोक्याचा पटका काढून खाली टाकला आणि म्हणाले, "आक्का, आजपसून तुपला अन् आमचा संबंध न्हाई." त्यांनी सख्ख्या बहिणीला एवढंच सांगितलं. नंतर ते आयुष्यभर हे वाक्य पाळत राहिले.

आत्यानं मला कोपीच्या मागं ओढलं. "तू बघितलंस," ती म्हणाली. "बघितलंस ते गिळून टाक. पाच वर्साची हाय ती. तिला आख्खा जलम काढायचाय, अन् लोकं तिला भाऊ खाल्लेली म्हणत्याल."

"पर आत्या, तू न्हाई वाजविलंस."

"येकमेकांचं वाजवाया कुणी शिकविलं? म्याच ना? मंग वाजविलं बी म्याच." आणि मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, ते मला वर्षानुवर्षं ऐकू येत राहिलं. "मेंढरू दुसऱ्याची घंटी वाजवत न्हाई गं. लेकरू वाजवतं. येवढं माझ्या ध्यानात आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी फड सुरू झाला. सुरू होणारच होता. माय मोळ्या वाहत होती. बांधावर डबा नव्हता. सगळ्या बाया दिवसभर तोंडानं हाका मारत राहिल्या, एकीची हाक संपली की दुसरीची, आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या गळ्यातून धड आवाज निघेना. मग त्यांनी लेकरांच्या पायांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि चिंध्या ट्रॉलीच्या चाकाला. पोरं रडली, मग रडायचीही थांबली. ड्रायव्हरनं टेप लावला. आता त्याला कुणी बंद कर म्हणालं नाही.

आत्या चंद्रीला घेऊन एका ट्रकमधून गेली. घाटनांदूरला लांबच्या नात्यातलं कुणी होतं. तिथं तिनं धुणी-भांडी केली, पोर वाढवली, शिकवली, तिथल्याच एका दुकानदाराच्या घरी दिली. आमच्याकडं तिचं नाव निघत नसे. दिवाळीला नाही, दादा गेले तेव्हाही नाही. आढ्याच्या घंट्या मायनं एका पोत्यात भरून कुणालातरी देऊन टाकल्या. मी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर चोरून आत्याला भेटायला जायची, वर्षातून एखाद्या वेळी. ती नाम्याचं काढायची नाही. माझ्या लेकरांची नावं विचारायची, किती ते विचारायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. दहाव्याला मी घाटनांदूरला होते. चंद्री जाडजूड झालीये, हातभर बांगड्या, बोलायला मोकळी. तिची धाकटी पोर तिच्या मांडीवर होती. ती पोरीचे दोन्ही तळवे धरून टाळ्या वाजवायला शिकवत होती, एक जोरात, एक हळू, एक जोरात. आणि शिकवता शिकवता मला म्हणाली, "आईचं मला वाईट वाटतंय, पर एक सांगू का ताई, तिनं त्या दिशी ध्यान दिलं असतं तर नाम्या राह्यला असता. तिच्यापायी मला मामाचं घर सुटलं. शेवटपातूर म्या तिला हे बोलत आले. ती एका शब्दानं बोलली न्हाई. काय बोलणार म्हणा!"

त्या दिवशीची काठी तिला आठवतच नव्हती. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पोरगी खिदळत होती, टाळ्या चुकत होत्या. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायले. आत्याचं म्हणणं मी चंद्रीपुरतं पाळलं आणि पाळत राहीन. पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आत्या पोटच्या पोरीच्या तोंडूनही तेच ऐकत मेली. जिच्यासाठी तिनं हे अंगावर घेतलं तिला सांगता येत नाही. पण जिच्याशी ती खोटं बोलली, तिला तरी खरं कळायला नको का? माय साठी उलटून गेलीये. आणखी किती दिवस ती आपल्या नणंदेला मनातल्या मनात तळतळाट देत बसणार?

कालव्याच्या काठावर उभं राहून मी हेच ठरवत होते. मोरी तशीच आहे. मी खाली उतरले नाही. सभागृहात परत गेले तेव्हा मॅडम बाटल्यांत ज्वारी भरून दाखवत होत्या, थोडी भरली तर कसा आवाज, जास्त भरली तर कसा. छान शिकवत होत्या. मी मागं बसून सगळं लिहून घेतलं. माझ्या अंगणवाडीत मी हे शिकवीन, फक्त दुसऱ्याचं वाजवायचा खेळ तेवढा घेणार नाही.

संध्याकाळच्या गाडीनं घरी आले. दादा गेल्यापासून माय माझ्याकडंच असते. ती ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत होती.

"काय शिकविलं आज?"

"डबे वाजवाया लावले."

सूप थांबलं. मी चप्पल काढली, तिच्यासमोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "माय, त्या दिशी आत्यानं न्हाई वाजविलं. चंद्रीनं वाजविलं. नाम्यानंच तिला सांगितलं व्हतं. म्या डोळ्यानं बघितलंय. आत्यानं गिळून टाक म्हणलतं म्हणून बोलले न्हाई. आता ती गेली. आता तरी तिला बोल लावू नको."

मला वाटलं ती रडेल. नाहीतर सूप फेकून मारेल. ती तुरीतले खडे वेचत राहिली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"आक्कानं वाजविलं न्हाई ते. आक्काचा हात मला ठावा न्हवता व्हय? तवाच कळलं. ती खोटं बोलली, अन् म्या बोलू दिलं. तिनं अंगावर घेतलं म्हणून मला कुणी इचारलं न्हाई, की पारू, तू आत काय ऐकलंस."

ओट्यावर कोंबड्या आल्या होत्या. तिनं त्यांना हाकललं नाही.

"काय ऐकलंस, माय?"

"नाम्याचा शेवटचा ढब कवाच येळंवर पडायचा न्हाई. काठी वर धरून आभाळाकडं बघत बसायचा, अन् ध्यानात आलं की मारायचा. म्या आत कोयता वर धरून थांबायचे त्याच्यासाठी. त्याचा ढब आला की मंग घाव घालायचे." तिचा हात सुपाच्या वर तसाच थांबला होता. "त्या दिशी थांबावं लागलं न्हाई. दोन्ही बारीला नीट येळंवर पडला. म्या हसले, गं. शेजारचीला हाक मारून सांगितलं, ऐकलंस का, आज माझ्या नाम्याला जमलं."